सांधेदुखीच्या ‘हर्बल’ कॅप्सूलमधलं स्टेरॉइड कसं पकडायचं?

माझ्या मावशीचे गुडघे दहा-बारा वर्षांपासून दुखतात. कुणीतरी तिला हिरव्या कॅप्सूलची डबी आणून दिली आणि चौथ्या दिवशी ती जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. घरात सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र तो चौथा दिवस खटकला. डबीवर शल्लकी, गुग्गुळ, निर्गुडी, रास्ना आणि सुंठ लिहिलं होतं. या वनस्पतींनी दुखणं उतरतं, पण इतकं झटपट नाही. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल दिसायला लागला, नुसत्या गोळ्यांवर आटोक्यात असलेली साखर वर गेली. या दोन्ही स्टेरॉइडच्या खुणा, तेव्हा मी ती डबी मागून घेतली.

मी औषधांच्या रासायनिक विश्लेषणाचं काम करते. अशी डबी हातात आल्यावर आम्ही प्रयोगशाळेत नेमकं काय करतो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. फार्मसी आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, बाहेरून तयार अर्क विकत घेऊन कॅप्सूल भरणाऱ्या छोट्या उत्पादकांना आणि पेशंटला काय लिहून द्यावं याची काळजी असलेल्या वैद्यांना ते उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या आणि शेवटचे दोन भाग तरी नीट वाचावेत.

पायरी १ : काय शोधायचं ते आधी ठरवा

लोक नमुना घेऊन येतात आणि म्हणतात, “मॅडम, सगळं तपासून द्या.” सगळं तपासणारी चाचणी अस्तित्वात नाही. यंत्राला जे विचाराल त्याचंच उत्तर ते देतं. म्हणून सुरुवात डबीवरच्या दाव्यापासून करा. भेसळ करणारा माणूस तो दावा लगेच खरा वाटेल असंच औषध आत घालतो.

सांधेदुखीसाठी असेल तर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड्स आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, पायरॉक्सिकॅम, पॅरासिटामॉल ही वेदनाशामकं. मधुमेहासाठी असेल तर ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन. दम्यासाठी थिओफिलिन आणि पुन्हा स्टेरॉइड. झोपेसाठी अल्प्राझोलाम, डायझेपाम. ‘शक्तिवर्धक’ असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि त्यांची भावंडं. वजन घटवण्यासाठी सिब्युट्रामिन, जे हृदयाच्या धोक्यामुळे २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढलं गेलं.

हा अंदाज हवेतला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या पूरक आहारांत चोरून घातलेली औषधं असल्याचे इशारे दिले, त्यांची मोजदाद २०१८ साली प्रसिद्ध झाली. अशी उत्पादनं ७७६ निघाली आणि त्यांतली ८५ टक्क्यांहून जास्त कामोत्तेजक किंवा वजन घटवणारी होती. आपल्याकडे गावोगाव मिळणारी सांधेदुखीची पुडी त्याच रांगेत बसते.

पायरी २ : नमुना

पुढचं सगळं काम इथे वाया जाऊ शकतं. एकाच बॅचच्या, सील न तोडलेल्या दोन डब्या घ्या. बिल घ्या. डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आयुष किंवा एफएसएसएआय परवाना क्रमांक वाचता आला पाहिजे. एक डबी सीलसकट बाजूला ठेवा, ती राखीव. माझ्या मावशीची डबी अर्धी संपलेली होती, म्हणून तिच्या चाचणीचं उत्तर आमच्या घरापुरतंच ग्राह्य. तक्रारीसाठी त्याच दुकानातून त्याच बॅचची नवी डबी घ्यावी लागली.

दुसऱ्या डबीतल्या २० कॅप्सूल मोजून घ्या, एकेक वजन करा, आतली पूड काढा, रिकामी टरफलं वजन करा आणि पुडीचं सरासरी वजन काढा. पूड खलायच्या आधी पांढऱ्या कागदावर पातळ पसरून दहापट भिंगातून पाहा. वनस्पतीचं चूर्ण तंतुमय, तपकिरी-हिरवट, ओबडधोबड दिसतं. त्यात मिठासारखे चमकणारे, सरळ कडांचे पांढरे कण दिसले तर वहीत नोंद करा. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असू शकतात, साखर असू शकते, औषधही असू शकतं. भिंग एवढंच सांगतं की इथे लक्ष द्या.

मग सगळी पूड एकत्र खला, चाळा आणि चौथाई करा, म्हणजे ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला, असं दोनदा. भेसळीचं औषध बहुतेकदा हाताने किंवा साध्या मिक्सरमध्ये मिसळलेलं असतं. एका कॅप्सूलमध्ये भरपूर आणि पुढच्या कॅप्सूलमध्ये जवळजवळ नाही, असं सर्रास सापडतं. एकच कॅप्सूल तपासून निष्कर्ष काढू नका.

खलाची गोष्ट सांगायला हवी. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका निर्मळ नमुन्यात डायक्लोफेनॅक ‘पकडलं’ होतं. आदल्या दिवशी त्याच खलात कुणीतरी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या कुटल्या होत्या. अहवाल बाहेर गेला नव्हता हे नशीब, नाहीतर एका प्रामाणिक उत्पादकाचा परवाना माझ्यामुळे अडचणीत आला असता. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याआधी खल मिथेनॉलने धुते आणि ते शेवटचं धुवण वेगळ्या बाटलीत धरून तेही तपासते.

पायरी ३ : अर्क, आणि त्याच्या सोबतच्या तीन बाटल्या

एक ग्रॅम पूड, १० मि.लि. मिथेनॉल, अल्ट्रासोनिक बाथमध्ये १५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. हा झाला अर्क. पण एकटा अर्क काहीच सिद्ध करत नाही. त्याच्या बरोबर, त्याच दिवशी, त्याच हाताने आणखी तीन बाटल्या तयार व्हायला हव्यात.

पहिली ब्लँक, नुसतं मिथेनॉल. दुसरी प्लासिबो. लेबलवरच्या सगळ्या वनस्पती खात्रीच्या ठिकाणाहून स्वतः आणायच्या, ओळख पटवून घ्यायच्या, लेबलवरच्याच प्रमाणात मिसळायच्या आणि तसाच अर्क काढायचा. तिसरी स्पाइक, म्हणजे प्लासिबोमध्ये ठाऊक असलेलं औषध मोजून घातलेलं. प्लासिबो करायचा लोकांना कंटाळा येतो, कारण आठवडाभर वनस्पती गोळा कराव्या लागतात. त्या आठवड्याला पर्याय नाही. का, ते पुढच्या पायरीतल्या प्लेटवर दिसेलच.

स्पाइक किती घालायचं याचा हिशेब असा. डेक्सामेथासोनची नेहमीची गोळी ०.५ मि.ग्रॅ.ची. कॅप्सूलमध्ये ५०० मि.ग्रॅ. पूड असेल आणि कुणी एकेक गोळी टाकली असेल, तर प्रमाण ०.१ टक्का. एक ग्रॅम पुडीत १ मि.ग्रॅ., म्हणजे १० मि.लि. अर्कात दर मि.लि.ला १०० मायक्रोग्रॅम. प्लेटवर १० मायक्रोलिटर सोडले तर डागात १ मायक्रोग्रॅम उतरतं आणि ते दिसतं. डायक्लोफेनॅकची गोळी मात्र ५० मि.ग्रॅ.ची. तोच हिशेब केला तर डागात १०० मायक्रोग्रॅम येतात आणि प्लेटवर शेपटासारखा ओघळ पडतो. म्हणून प्रत्येक अर्क जसाच्या तसा, शंभरपट पातळ करून आणि नायट्रोजनखाली आटवून पाचपट घट्ट करून, असा तीन प्रकारे लावा.

राळ फार असेल तर एक जादा पायरी घ्या. अर्क कोरडा करून इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये पाच टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाबरोबर हलवा. वायू साठतो, म्हणून फनेलची तोटी अधूनमधून उघडा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी आम्लं क्षार होऊन पाण्यात उतरतात, स्टेरॉइड उदासीन असल्याने वरच राहतं. पाण्याचा भाग हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणून पुन्हा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये ओढला की आम्लं वेगळी हाती लागतात. गुग्गुळामुळे मधे साबणासारखा फेसाळ थर धरला तर थोडं मीठ टाका आणि वाट पाहा. मेटफॉर्मिन या वाटेने कधीच सापडणार नाही. ते पाण्यात राहणारं औषध आहे, त्याची पद्धत वेगळी लावावी लागते.

पायरी ४ : प्लेट

प्लेट म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी. तिच्यावरून द्रावक वर चढताना अर्कातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर थांबतात (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी). स्वस्त, जलद आणि डोळ्यांना दिसणारी ही चाचणी मला आजही सगळ्यांत जवळची वाटते. सिलिका जेल ६० एफ २५४ ची प्लेट मिथेनॉलने आधी धुऊन वाळवा. तळापासून १० मि.मी. वर, ८ मि.मी. रुंदीचे पट्टे या क्रमाने लावा: ब्लँक, प्लासिबो, नमुना, नमुन्यावरच स्टँडर्ड (खात्रीचं शुद्ध औषध), नुसतं स्टँडर्ड, स्पाइक. ‘नमुन्यावरच स्टँडर्ड’ हा पट्टा विसरू नका. दोन्ही द्रव्यं एकच असतील तर तिथे एकच पट्टा, फक्त गडद दिसतो. वेगळी असतील तर तो फाटतो किंवा जाड होतो.

स्टेरॉइडसाठी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९:१ पासून सुरू करा. डायक्लोफेनॅकसाठी टोल्युइन आणि इथाइल अ‍ॅसिटेट घेऊन त्यात थोडं ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घाला. ते नसेल तर आम्लाचा डाग लांबतो. फिल्टर पेपर लावलेलं चेंबर २० मिनिटं झाकून ठेवा, मग प्लेट आत सोडा आणि ७० ते ८० मि.मी. चढू द्या. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच. पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, हवेतला ओलावा प्लेट ओढून घेते आणि तेच द्रव्य रोजच्यापेक्षा वेगळ्या उंचीवर थांबतं. म्हणून उंची पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहू नका. त्याच प्लेटवरच्या स्टँडर्डशी ताडा.

आता अतिनील (यूव्ही) दिवा. २५४ नॅनोमीटरला अख्खी प्लेट हिरवी उजळते आणि औषधं काळ्या पट्ट्यांसारखी उठून दिसतात. ३६६ ला वनस्पतींची रंगपंचमी दिसते, हरितद्रव्य लाल, बाकीचं निळं-पिवळं.

मावशीच्या नमुन्यात २५४ ला दोन ठळक काळे पट्टे होते. माझी शिकाऊ सहकारी म्हणाली, “ताई, दोन स्टेरॉइड्स!” मी तिला प्लासिबोचा पट्टा दाखवला. वरचा काळा पट्टा तिथेही होता. तो गुग्गुळस्टेरॉनचा. गुग्गुळातलं हे नैसर्गिक द्रव्यसुद्धा स्टेरॉइडच्याच सांगाड्याचं आहे आणि साधारण २४२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. डेक्सामेथासोन २४० च्या आसपास शोषतं. नुसत्या यूव्ही स्पेक्ट्रमवर विसंबलं असतं तर कुठलीही अस्सल गुग्गुळाची गोळी ‘भेसळयुक्त’ ठरली असती! आठवडाभर गोळा केलेल्या वनस्पती उपयोगी पडल्या त्या इथे. खालचा पट्टा प्लासिबोत नव्हता आणि डेक्सामेथासोनच्या स्टँडर्डशी एका रेषेत होता.

पुढे प्लेटवर अल्कधर्मी ब्लू टेट्राझोलियम फवारायचं. त्याची दोन द्रावणं फवारण्याच्या अगदी आधी मिसळायची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांच्या रेणूला जी अल्फा-कीटॉल बाजूसाखळी असते तिच्यामुळे जांभळा डाग उमटतो. गुग्गुळस्टेरॉनला ती साखळी नाही, म्हणून वरचा पट्टा जांभळा झाला नाही. खालचा झाला. इतर क्षपणकारी द्रव्यंही रंग देऊ शकतात, त्यामुळे इथेही प्लासिबोकडे नजर हवी.

इतकं सगळं जुळूनसुद्धा या टप्प्यावर अहवालात ‘डेक्सामेथासोनसारखे द्रव्य असल्याचा संशय’ एवढंच लिहायचं.

पायरी ५ : एचपीएलसी, किती आहे ते मोजण्यासाठी

एचपीएलसीत अर्क दाबाखाली कॉलममधून, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून ढकलतात आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडतं. सी-१८ कॉलम, २५० बाय ४.६ मि.मी., ५ मायक्रॉन. एका बाजूला ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचं पाणी, दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिटोनायट्राइल, १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत अर्ध्या तासात चढवत न्यायचं. प्रवाह मिनिटाला १ मि.लि. डायोड अ‍ॅरे डिटेक्टर असेल तर प्रत्येक पीकचा (आलेखावरच्या शिखराचा) २०० ते ४०० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रम मिळतो आणि पीक एकाच द्रव्याचं आहे की आत दुसरं लपलंय हेही तपासता येतं. राळेचे नमुने कॉलम खराब करतात. गार्ड कॉलम लावा आणि दर काही इंजेक्शनांनंतर अ‍ॅसिटोनायट्राइलने धुवा.

पाच वेगवेगळ्या तीव्रतांचं स्टँडर्ड सोडून रेषा काढा. मग हिशेब. समजा अर्कात दर मि.लि.ला ४८ मायक्रोग्रॅम मिळाले. १० मि.लि. अर्क १ ग्रॅम पुडीचा, म्हणजे ग्रॅमला ४८० मायक्रोग्रॅम. कॅप्सूलमधली पूड सरासरी ५२० मि.ग्रॅ. असेल तर एका कॅप्सूलमध्ये सुमारे ०.२५ मि.ग्रॅ. लेबल म्हणतं सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. दिवसाला १ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन झालं, जे साडेसहा ते सात मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या तोडीचं आहे, तेही महिनोन्‌महिने आणि कुणाच्याही देखरेखीशिवाय. अहवालात आकडा लिहिताना तो ‘प्रति कॅप्सूल’ आणि ‘दिवसाच्या डोसमध्ये’ असा जरूर लिहा. डॉक्टरला मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमचा उपयोग नसतो.

स्पाइकमध्ये घातलेलं औषध किती टक्के परत मिळालं तेही लिहा. ते ६० टक्केच मिळत असेल तर अर्क नीट उतरत नाही आणि नमुन्याचा आकडाही कमीच दाखवतोय.

पायरी ६ : मास स्पेक्ट्रोमेट्री, खात्रीसाठी

इथे रेणूचं वजनच विचारलं जातं. डेक्सामेथासोनचा प्रोटॉन घेतलेला आयन ३९३ ला येतो, फोडला की हायड्रोजन फ्लोराइड गमावून ३७३ आणि पुढे पाणी गमावून ३५५ होतो. डायक्लोफेनॅक २९६ ला येतं आणि फुटून २५० व २१५ च्या आसपासचे तुकडे देतं. शिवाय त्यात दोन क्लोरीन असल्यामुळे २९६, २९८, ३०० अशी ९:६:१ उंचीची तीन शिखरं दिसतात. ती खूण एकदा पाहिली की विसरत नाही. कॉलममधून बाहेर पडायची वेळ, दोन तुकडे आणि त्या तुकड्यांचं आपसातलं प्रमाण, हे तिन्ही स्टँडर्डशी जुळलं तरच ‘आढळले’ लिहा.

एक अडचण इथेही राहते. बीटामेथासोन हे डेक्सामेथासोनचं जुळं भावंड. फक्त सोळाव्या कार्बनवरचा मिथाइल गट उलट बाजूला आहे. वजन तेच, तुकडेही जवळजवळ तेच, आणि साध्या कॉलमवर दोघं हातात हात घालून बाहेर येतात. त्यांना वेगळं करणारी खास पद्धत नसेल तर ‘डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन’ असं सरळ लिहा.

सिल्डेनाफिलच्या बाबतीत भेसळ करणारे आणखी पुढे गेले आहेत. रेणूत एखादा अणू किंवा छोटा गट बदलून नवं भावंड बनवायचं, की यादीत नाव नसल्यामुळे नेहमीची चाचणी ‘आढळले नाही’ म्हणते. सिल्डेनाफिल ४७५ ला येतं. त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेलं थायोसिल्डेनाफिल ४९१ ला निसटतं. म्हणून अशा नमुन्यात ठरावीक वजनं शोधण्यावर थांबू नका. अख्खं स्पेक्ट्रम घ्या आणि या कुटुंबाचे सामाईक तुकडे, उदाहरणार्थ ९९, १०० आणि २८३, कुठल्या अनोळखी पीकमधून पडताहेत ते पाहा.

वनस्पती तरी खरी आहे का?

औषध सापडलं नाही म्हणजे माल चोख, असं नाही. अश्वगंधेच्या मुळात स्वस्त पानं मिसळली जातात. विदानोलाइड ही अश्वगंधेतली मोजली जाणारी द्रव्यं. त्यांतलं विदाफेरिन-ए पानांत जास्त असल्यामुळे ‘एकूण विदानोलाइड’चा आकडा उलट छान दिसतो. म्हणून एकूण आकडा न पाहता एकेक विदानोलाइड वेगळं मोजायचं आणि पानांत भरपूर असलेली फ्लेव्होनॉइड्स शोधायची. आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली होती. हळदीच्या अर्काचं सोपं आहे. खऱ्या हळदीत कर्क्युमिनबरोबर त्याची डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी भावंडं असतातच. नुसतंच कर्क्युमिन दिसलं तर ते कारखान्यात बनलेलं असण्याची दाट शक्यता. कुणी तिन्ही कृत्रिम मिसळले तर कार्बन-१४ ची चाचणी उरते. खनिज तेलापासून बनलेल्या द्रव्यात तो कार्बन कधीच संपलेला असतो.

पद्धत मालाला साजेशी हवी. २०१५ साली न्यू यॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने डीएनए चाचणीच्या आधारे चार मोठ्या दुकानसाखळ्यांना हर्बल उत्पादनं विकणं थांबवायला सांगितलं. तज्ज्ञांनी आक्षेप घेतला तो रास्त होता. अर्क काढताना डीएनए तुटतो, गाळला जातो. अर्कात डीएनए सापडला नाही यावरून वनस्पती नव्हती असं म्हणता येत नाही. चूर्णाला डीएनए आणि सूक्ष्मदर्शक, अर्काला रसायन, असा माझा साधा नियम आहे.

जड धातूंची चाचणी वेगळी, आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर. मर्यादा शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दशलक्षात इतके भाग).

बाहेरून चाचणी करून घेत असाल तर

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, एवढंच विचारून थांबू नका. मान्यता प्रत्येक चाचणीनिहाय असते. तुमची चाचणी त्या प्रयोगशाळेच्या मान्य यादीत आहे का ते पाहा. अहवालात कोणकोणती औषधं शोधली त्यांची नावं, पद्धत आणि किमान किती प्रमाण पकडता येतं तो आकडा मागा. ‘स्टेरॉइड : आढळले नाही’ या एका ओळीला, कोणती स्टेरॉइड्स आणि कितीपर्यंत हे कळल्याशिवाय, काही अर्थ नाही. छोट्या उत्पादकांना कळकळीने सांगते, तयार अर्काच्या प्रत्येक बॅचला निदान प्लेट तरी लावा. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून तुमचं नाव डबीवर जातं.

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा. आयुष परवान्याचा माल औषध म्हणून १९४० च्या कायद्याखाली येतो, एफएसएसएआय परवान्याचा माल अन्न म्हणून २००६ च्या कायद्याखाली. या दुसऱ्या कायद्यात ग्राहकाला स्वतः खरेदी केलेलं अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याची सोय आहे. तुमचा खासगी अहवाल जोडा, पण कारवाईसाठी अधिकारी स्वतः नमुना घेतात. त्यासाठी बिल आणि बॅच क्रमांक लागतो.

स्टेरॉइड सापडलं, आता पेशंटचं काय?

मावशीला सांगितलं तेव्हा तिने डबी कचऱ्यात टाकायला उचलली. मी हात धरला. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतात. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, गळाठा, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जायचं. दिवसाच्या डोसचा आकडा अहवालात लिहायचा तो याचसाठी. डॉक्टरांनी तो पाहून मावशीला प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवत चार महिन्यांनी बंद केलं. गुडघे पुन्हा दुखायला लागले. पापड आता माझी आई खालच्या अंगणात वाळत घालते.